‘खुनी आधीच कळला’ असं प्रेक्षक म्हणतात, तेव्हा बिघाड कुठे असतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय समजून उत्तर देतेय ते तुम्हाला कळेल. मोजक्या पैशांत तुम्ही ९८ मिनिटांचा थरारपट केला आहे. चार मुलींचे खून, ते करणारा एकच माणूस आणि त्याच्या मागावर असलेली एक तपास अधिकारी. घटनास्थळाचे फोटो काढायला येणारा पोलिसांचा छायाचित्रकारच खुनी आहे, हे शेवटच्या वीस मिनिटांत उघड होतं. रफ कट, म्हणजे संकलनाचा कच्चा खर्डा, चाळीसेक लोकांना दाखवलात आणि मतं चार दिशांना गेली. ‘खुनी विसाव्या मिनिटालाच कळला.’ ‘मध्ये फार रेंगाळतो.’ ‘ती अधिकारी बावळट वाटते, सगळं तिला योगायोगानेच सापडतं.’ आणि ‘एवढ्याशा बजेटमध्ये एवढं केलंत, कमाल आहे.’ काही जणांना तर शेवटपर्यंत खुनी ओळखताच आला नाही. तुमच्या हातात आता तीन दिवसांचं शूटिंग आणि संकलनाचे थोडे आठवडे उरलेत. यांतल्या कोणाचं ऐकायचं?

मी संकलक आहे आणि कमी पैशांतले रहस्यपट, तपासपट माझ्या टेबलावर बरेच येऊन गेलेत. त्यावरून माझं मत असं बनलंय, की ‘खुनी आधीच कळला’ ही तक्रार खुन्यापेक्षा तपास करणाऱ्या पात्राबद्दल जास्त असते. प्रेक्षक तिच्या पुढे निघून गेला आणि मग ती येईपर्यंत वाट बघत बसला. वाट बघताना कंटाळा आला, म्हणून ‘रेंगाळतो’. वाट बघूनही ती स्वतःच्या डोक्याने पोचली नाही, म्हणून ‘बावळट’. तुमच्या चारांपैकी तीन तक्रारींचं मूळ मला एकच दिसतं. त्यामुळे कोणा एकाचं ऐकून दुसऱ्याला गप्प करायची गरज बहुतेक पडणार नाही.

पण त्याआधी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. बघणारे लोक कोण होते? नातेवाईक आणि युनिटमधल्यांचे मित्र असतील, तर ‘कमाल आहे’ हे मत चित्रपटाबद्दल नाही, तुमच्या कष्टांबद्दल आहे. त्याबद्दल मनापासून आभार माना आणि कामाच्या वहीत ते धरू नका. दाखवण्याआधी तुम्ही बजेटचा उल्लेख केला होता का? केला असेल, तर सगळ्यांनी चष्मा बदलूनच चित्रपट पाहिला असं समजा. मोठ्या पडद्यावर दाखवलात की प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवलात? मोबाइलवर अंधारातले प्रसंग नुसते काळे दिसतात आणि कुजबुजीतले संवाद हरवतात, मग धागा सुटतो आणि माणूस ‘मध्ये कंटाळा आला’ एवढंच सांगतो. आणि सांगताना काय म्हणून सांगितलंत, भयपट की तपासपट? रक्तपात बघायच्या तयारीने बसलेल्याला कोणताही तपास संथच वाटतो. हे चार प्रश्न प्रत्येक मताच्या बाजूला लिहून काढा. चाळीसातली निम्मी मतं तिथेच हलकी होतील आणि उरलेली जड होतील.

आता ‘विसाव्या मिनिटाला कळला’ या मताकडे. असं म्हणणाऱ्या सगळ्यांना खरंच विसाव्या मिनिटाला कळलं होतं का? गोष्ट घडून गेल्यावर माणसाला ‘मला हे माहीतच होतं’ असं प्रामाणिकपणे वाटतं. बरूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं: निकाल सांगितला, की तो आधीपासून अटळ होता असं लोकांना वाटू लागतं. रहस्यपट संपल्यावर दिवे लागतात तेव्हा हेच होतं. शंभर संशय मनात येऊन गेलेले असतात, त्यातला बरोबर निघालेला तेवढा आठवतो. म्हणून पुढच्या वेळी चित्रपट ७५व्या मिनिटाला थांबवा. प्रत्येकाला कागद द्या. खुनी कोण वाटतो, कधीपासून वाटतो आणि काय बघून वाटलं, एवढं लिहून घ्या. तोंडी नको. एकाने नाव घेतलं की बाकीचे माना डोलावतात. मग उरलेला चित्रपट दाखवा. या कागदांवरचं तिसरं उत्तर सगळ्यात मोलाचं, कारण तिथे नेमका शॉट सापडतो.

तुमच्या बाबतीत तो शॉट मला आत्ताच दिसतोय. तुम्ही जोडलेला दोन मिनिटांचा तुकडा मी पाहिला. दुसऱ्या खुनाचं घटनास्थळ आहे. अधिकारी खाली वाकून काहीतरी उचलते, उठते, चौकटीबाहेर जाते. छायाचित्रकार कॅमेरा खाली घेतो आणि आपण त्याच्या चेहऱ्यावर थांबतो, साधारण दोन सेकंद. म्हणजे ४८ फ्रेम. त्यावर खर्जातला एक सूर हळूच आत येतो. ज्याच्याकडे अजून कथेचं काहीही काम नाही अशा माणसावर आपण एवढा वेळ थांबलो, आणि वर संगीतानेही बोट दाखवलं. थरारपट बघायची सवय असलेल्याला आणखी काय पाहिजे? तो शॉट अधिकारी वळल्याबरोबर कापा, सूर काढून टाका. त्या जागी तिच्या हातातल्या वस्तूचा जवळचा शॉट ठेवा. नजर वस्तूवर गेली की माणसावरून उठते.

एवढ्याने अर्धं काम होईल. उरलेलं अर्धं कमी बजेटच्या चित्रपटांचं जुनं दुखणं आहे: माणसं कमी, म्हणून संशयितही कमी. तुमच्याकडे लक्षात राहणारे चेहरे पाच. अधिकारी, तिचा साहेब, तिचा सहकारी, तिसऱ्या मुलीचा मित्र आणि छायाचित्रकार. प्रेक्षक नकळत वजाबाकी करतो. साहेब फक्त ओरडायला आहे. सहकारी तिला चहा देतो, धीर देतो, त्याचं काम ठरलेलं आहे. तो मित्र पहिल्याच प्रसंगात घाम पुसतो आणि खोटं बोलतो, म्हणजे तो खुनी नाही हे उघड आहे. उरला छायाचित्रकार. आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय, की सगळ्यात कसलेला नट तुम्ही त्या भूमिकेला घेतलात. चांगला नट बिनकामाच्या भूमिकेत दिसला, की ती भूमिका बिनकामाची नाही एवढं प्रेक्षक ओळखतोच.

यावर नवे संशयित वाढवायला जाऊ नका. तीन दिवसांत चार नवे चेहरे घुसडले तर ते चिकटवल्यासारखे दिसतील. त्यापेक्षा छायाचित्रकाराला काम द्या. एखादं पात्र चित्रपटात कशासाठी आहे याचं उत्तर मिळालं, की प्रेक्षक त्याचा नाद सोडतो. दुसऱ्या खुनात त्याच्याच फोटोमुळे तिला एक खरा धागा मिळू दे. त्याने तो स्वतःहून, मदत म्हणून दाखवू दे. आता तो ‘तपासात मदत करणारा माणूस’ झाला, त्याचा खण भरला. पुढे हीच मदत दुधारी ठरते: तपास आपल्याला हव्या त्या दिशेला वळावा म्हणून त्याने तो धागा दिला होता. आणि त्या मित्राचा घाम कमी करा. त्याच्या खोटेपणाचे तीन शॉट आहेत, एक पुरे. संशयिताला थोडा संशयित ठेवला तर प्रेक्षक त्याच्याबद्दल विचार करतो. फार संशयित केला तर त्याला सोडून देतो.

इथे थोडं थांबून एक पर्याय सुचवते, कारण बरेच दिग्दर्शक त्याचा विचारच करत नाहीत. खुनी लपवायलाच पाहिजे का? फ्रिट्झ लांग यांच्या १९३१ च्या ‘एम’मध्ये लहान मुलांचा खुनी कोण हे प्रेक्षकाला बरंच आधी कळतं. चित्रपट चालतो तो पोलीस आणि शहरातले गुन्हेगार हे दोघंही त्याच्यापर्यंत कसे पोचतात यावर. शेवटी त्याला ओळखतो तो फुगे विकणारा एक आंधळा म्हातारा, शिटीच्या सुरावरून. खुनी संगीतकार ग्रीगच्या ‘पीअर गिंट’मधली एक धून शिटीवर वाजवत असतो. बघा, तिथे ओळख पटवायला ना महागडा सेट लागला ना पाठलाग. एक धून, ती ऐकणारा एक माणूस आणि ती त्याने आधीही ऐकलेली असणं, एवढंच. तुमच्या पुढच्या खेळात ७५व्या मिनिटाच्या कागदांवर बहुतेकांनी छायाचित्रकाराचंच नाव लिहिलं, आणि वर सांगितलेले बदल करूनही लिहिलं, तर लपवाछपवीचा हट्ट सोडा. चाळिसाव्या मिनिटाला तुम्हीच सांगून टाका. मग ती त्याच्या शेजारी उभी राहून फोटो बघते तो प्रत्येक प्रसंग आपोआप ताणला जाईल. आत्ता हेच प्रसंग सपाट वाटतात, कारण प्रेक्षकाला माहीत आहे आणि त्याला माहीत आहे हे चित्रपटाला माहीत नाही.

पण खुनी लपवला काय आणि दाखवला काय, तपास अधिकारी हुशार वाटली पाहिजे. माझ्या मते तुमचं खरं काम इथे आहे, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

हुशार म्हणजे कधीच न चुकणारी नव्हे. खऱ्या तपासांत पोलीस भयंकर चुकलेले आहेत. इंग्लंडमध्ये पीटर सटक्लिफने १३ स्त्रियांचे खून केल्याचं १९८१ मध्ये सिद्ध झालं. त्याआधीच्या वर्षांत पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी करून त्याला सोडलं होतं. पटकथेत असं लिहिलं तर प्रेक्षक म्हणतील, छे, एवढे मूर्ख पोलीस असतात का? पण त्यामागची कारणं बघितली की ते मूर्ख वाटत नाहीत. माहिती कागदी कार्डांवर होती आणि ती कार्डं इतकी साचली होती, की एका चौकशीतली गोष्ट दुसऱ्या चौकशीपर्यंत पोचत नव्हती. त्यात १९७९ मध्ये ‘मीच तो खुनी’ म्हणणारी एक बनावट ध्वनिफीत आली. तिच्यातला आवाज वेगळ्या भागातल्या बोलीचा होता. पोलिसांनी त्या बोलीचा माणूस शोधायला सुरुवात केली आणि खरा खुनी, ज्याची बोली वेगळी होती, बाजूला पडला. चूक प्रचंड आहे, पण ती कशी झाली हे समजतं. तुमच्या अधिकारीनेही चुकायला हरकत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तिकडेच गेले असते, असं मात्र प्रेक्षकाला वाटलं पाहिजे. आत्ता ती त्या मित्राच्या मागे २० मिनिटं का लागते, याचं तुमच्या कटमध्ये एकच कारण आहे: साहेब म्हणतो म्हणून. हे पुरत नाही. तिला तिचं स्वतःचं कारण द्या. वर म्हटलेला छायाचित्रकाराने दिलेला धागा इथेच कामाला येतो.

दुसरी गोष्ट योगायोगाची. ‘खऱ्या आयुष्यातही गुन्हेगार योगायोगाने सापडतात’ असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे, पण त्या योगायोगांकडे जवळून बघा. न्यूयॉर्कमध्ये लोकांवर गोळ्या झाडून खून करणारा डेव्हिड बर्कोविट्झ १९७७ मध्ये सापडला तो गाडी चुकीच्या जागी उभी केल्याच्या दंडाच्या पावतीमुळे, ही गोष्ट सगळे सांगतात. ऐकायला ती नशिबाची वाटते. पण शेवटच्या गोळीबाराच्या रात्री त्या भागात पोलीस गाड्यांवर पावत्या लावत होते, हे एका साक्षीदार बाईने सांगितलं. मग त्या रात्रीच्या पावत्या कोणीतरी एकेक करून तपासल्या. पावती फाडली गेली हा योगायोग. पावत्या काढून बघायचं सुचणं हा तपास. प्रेक्षक पहिल्याला माफ करतो, दुसरं नसेल तर माफ करत नाही.

आणि कमी बजेटवाल्यांनी तर अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या डेनिस रेडर या सिरियल किलरचं प्रकरण अभ्यासायलाच हवं. अनेक वर्षं तो पोलिसांना आणि माध्यमांना पत्रं पाठवून मिरवत होता. एका पत्रात त्याने पोलिसांनाच विचारलं, की फ्लॉपी डिस्कवर मजकूर पाठवला तर माग काढता येतो का, खरं सांगा. पोलिसांनी वर्तमानपत्रात ठरलेल्या शब्दांची जाहिरात देऊन कळवलं, की चालेल, धोका नाही. त्याने डिस्क पाठवली. तिच्यात पुसलेल्या फाइलची माहिती राहिली होती: एका चर्चचं नाव आणि ‘डेनिस’ हे नाव. फेब्रुवारी २००५ मध्ये तो पकडला गेला. हा सगळा प्रसंग चित्रित करायला काय लागेल? एक खोली, दोन माणसं, एक संगणक आणि एक छोटी जाहिरात. पण त्यात तपास करणाऱ्याची बुद्धी दिसते: समोरच्याला स्वतःचं महत्त्व वाटतं हे ओळखून त्याच्याच प्रश्नाचा सापळा केला. थरार पैशाने येतो असं ज्यांना वाटतं त्यांना मी नेहमी हे उदाहरण देते.

तर तुमच्या चित्रपटात काय करता येईल? आत्ता ८०व्या मिनिटाला अधिकारीच्या हातून फाइल पडते, फोटो जमिनीवर पसरतात आणि तिला अचानक सगळं समजतं. हा प्रसंग काढाच. त्याऐवजी तिला एक विसंगती सापडू दे. समजा, चौथ्या घरी सगळ्यात आधी पोचलेल्या शिपायाच्या जबाबात आहे, की खिडकीचा पडदा ओढलेला होता, खोलीत अंधार होता, म्हणून मी बॅटरी लावली. आणि छायाचित्रकाराने दिलेल्या संचातल्या एका फोटोत तोच पडदा उघडा आहे, जमिनीवर उन्हाची पट्टी आहे. पोलीस आले तेव्हा पडदा बंद होता, नंतर कोणीही तो उघडला नाही. मग हा फोटो कधी काढला? पोलीस येण्याच्या आधी. याचा अर्थ फोटो काढणारा आधी तिथे होता. खुनानंतर स्वतःसाठी काढलेला फोटो चुकून संचात गेला, किंवा त्याने मिरवायला मुद्दाम ठेवला. दुसरं मला जास्त आवडेल, कारण ते त्याच्या स्वभावाला धरून आहे.

हे चित्रित करायला एक टेबल, दिवा, छापील फोटो, जबाबाचा कागद आणि तुमची नटी एवढं पुरतं. एका दिवसात आरामात होईल. फक्त एक काळजी घ्या: पडद्याची गोष्ट प्रेक्षकाला आधी दोनदा दिसलेली हवी. एकदा शिपाई बॅटरी लावतो तेव्हा, आणि एकदा तो फोटो इतर फोटोंमधून सरकताना, पाऊण सेकंदभर, कोणत्याही संगीताशिवाय. ज्यांचं लक्ष होतं ते तिच्याबरोबर पोचतील, कदाचित एक श्वास आधी. ज्यांचं नव्हतं ते तिच्या मागोमाग पोचतील. एका श्वासाचं अंतर प्रेक्षकाला सुखावतं. एका तासाचं अंतर त्याला चिडवतं.

शेवटी ती एकटीच त्याच्या घरी जाते यावरही लोकांनी बोट ठेवलंय. जादा पोलीस आणायला पैसे नव्हते हे मला कळतं, प्रेक्षकाला कळायचं कारण नाही. गाडीत बसल्यावर तिचा एक फोन टाका. पलीकडचा आवाज म्हणतो, गाडी निघाली, २० मिनिटं लागतील. ती घड्याळ बघते, आत दिवा लागलेला दिसतो, चौथ्या मुलीच्या बहिणीचा फोन लागत नाहीये. आता तिचं एकटीने आत जाणं धाडस झालं, अविचार राहिला नाही. हा आवाज डबिंगच्या खोलीत दहा मिनिटांत मिळतो.

रेंगाळण्याबद्दल थोडक्यात. लोकांनी ‘मध्ये’ म्हटलंय आणि तुमच्या दृश्यक्रमात दुसऱ्या आणि तिसऱ्या खुनामध्ये २५ मिनिटं आहेत. प्रत्येक दृश्याचं एक कार्ड करा आणि दृश्य संपल्यावर प्रेक्षकाला नवीन काय कळलं हे एका ओळीत लिहा. जिथे ओळ सुचत नाही ते दृश्य उडवा, किंवा त्यातली कामाची एक गोष्ट शेजारच्या दृश्यात हलवा. शॉट कातरून वेग आणायचा प्रयत्न करू नका. नवी माहिती नसलेलं दृश्य भराभर कापलं, तर ते कंटाळवाणं राहतंच, वर दमवतंही. उलट ती रात्री एकटी फोटो भिंतीवर लावते तो सव्वा मिनिटाचा अखंड शॉट तसाच ठेवा. तिथे ती विचार करताना दिसते, आणि विचार करणारा माणूस बघायला कंटाळा येत नाही.

‘बजेट दिसतं’ असं तीन जणांनी लिहिलंय, पण कुठे दिसतं ते सांगितलेलं नाही. माझा अनुभव असा, की चित्र थोडं भुरकट असलं तर लोक दहा मिनिटांत विसरतात. आवाज विसरत नाहीत. तुमच्या तुकड्यात अधिकारीचा संवाद डब केलेला आहे आणि त्याखाली खोलीचा आवाजच नाही. संवाद संपला की एकदम पोकळी येते, पुढचा शॉट आला की पंख्याची घरघर सुरू. प्रेक्षक याला ‘अभिनय कच्चा’ म्हणतो. तीन दिवसांत जिथे जाल तिथे प्रत्येक जागेचा निव्वळ शांततेचा एक मिनिट रेकॉर्ड करा, सगळ्यांना गप्प उभं करून. तो थर खाली टाकला, की तुमच्या नटीचा अभिनय तुम्हालाच सुधारलेला वाटेल.

आवाजाने मत किती बदलतं याचा एक दाखला. जॉन कार्पेंटर यांनी १९७८ चा ‘हॅलोवीन’ सुमारे तीन लाख डॉलरमध्ये केला, त्या काळी हॉलिवूडच्या हिशोबात हे अगदीच थोडे पैसे. संगीत आणि ध्वनिपरिणाम घालण्यापूर्वी त्यांनी तो एका स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवला. त्यांना जराही भीती वाटली नाही. मग कार्पेंटर यांनी स्वतःच संगीत केलं. पुढे त्याच बाईंचं मत पार पालटलं. चित्र तेच होतं. तुमच्या रफ कटवरची मतं तात्पुरत्या संगीतावर आणि अर्धवट आवाजावर आलेली आहेत, हे विसरू नका. ‘भीती वाटली नाही’ या मतावरून आत्ता एकही दृश्य बदलू नका. ‘समजलं नाही’, ‘पटलं नाही’ ही मतं मात्र आत्ताच ऐका, कारण ती संगीताने बरी होत नाहीत.

एक गोष्ट तुमच्या प्रेक्षकांपैकी एकीनेच लिहिलीय आणि तुम्ही ती यादीत शेवटी, जाता जाता दिलीय. ‘त्या मुलींबद्दल काहीच वाटलं नाही.’ माझ्यासाठी हे चाळीसातलं सगळ्यात महत्त्वाचं मत आहे. सिरियल किलरच्या चित्रपटात मेलेली माणसं पटकन आकडा होतात: पहिली, दुसरी, तिसरी. बहुतेक वेळा त्या बायका असतात, आणि कॅमेरा त्यांच्याकडे सजावटीसारखं बघतो. मला हे टेबलावर रोज बघावं लागतं आणि रोज खटकतं. तुमच्या कटमध्ये दुसऱ्या मुलीचं नाव एकदाच उच्चारलं जातं, प्रेताचे मात्र अकरा शॉट आहेत. त्यातले आठ काढा. मिळालेल्या वेळात तिच्या खोलीत अधिकारीला एक वस्तू सापडू दे, जिच्यावरून ती मुलगी कोण होती हे कळेल. अर्धवट विणलेला स्वेटर, किंवा दुसऱ्या दिवशीच्या मुलाखतीसाठी इस्त्री करून ठेवलेले कपडे. तिच्या आईशी एक मिनिटाचं बोलणं, ज्यात आई तपासाच्या कामाचं काहीही सांगत नाही, फक्त मुलीबद्दल बोलते. वर मी नवी माहिती नसलेली दृश्यं उडवा म्हटलं. हे दृश्य त्याला अपवाद नाही. इथे नवी माहिती हीच आहे, की कोणीतरी गेलं. खुनी पकडला जावा असं प्रेक्षकाला इथूनच वाटू लागतं, आणि तसं वाटलं की तो खुनी कोण हे ओळखण्याच्या खेळात तेवढा अडकून पडत नाही.

खुन्याच्या शेवटच्या भाषणातलं बालपण निम्म्यावर आणा. चार मिनिटं तो स्वतःची कहाणी सांगतो आणि त्या मुलीच्या आईला एक मिनिटही मिळत नाही, हा तोल मला मान्य नाही.

तीन दिवसांची वाटणी मी अशी करेन. पहिला दिवस पडदा आणि फोटो, शिपायाच्या बॅटरीच्या शॉटसह. दुसरा दिवस मुलीची खोली आणि आई. तिसऱ्या दिवशी छायाचित्रकार दुसऱ्या खुनाचा धागा दाखवतो ते दृश्य आणि गाडीतला फोन. दुपारनंतरचा वेळ फक्त आवाज गोळा करायला. घटनास्थळं नव्याने उभारायचा मोह होईल, तो टाळा.

त्यानंतरचा खेळ पूर्ण अनोळखी लोकांपुढे करा, पंधरा जण पुरेत. बजेटचा शब्दही काढू नका. तुम्ही स्वतः मागच्या कोपऱ्यात बसा आणि पडद्याकडे न बघता लोकांकडे बघा. कोण कधी हलतं, मोबाइल कधी बाहेर येतो, ती मिनिटं टिपून ठेवा. लोक नंतर सभ्यपणे बोलतात, बसल्या जागी सभ्यपणा जमत नाही.

आणि चित्रपट बाहेर पडल्यावर येणाऱ्या ताऱ्यांबद्दल: लहान चित्रपटाला सुरुवातीला मतं थोडी असतात आणि ती दोन टोकांना जातात. ओळखीचे दहापैकी दहा देतात, चिडलेले एक देतात. त्या सरासरीत चित्रपट दिसत नाही. चित्रपटांना तारे देण्याची आयएमडीबी ही वेबसाइटही सगळ्या मतांची साधी सरासरी छापत नाही, भारित सरासरी छापते, म्हणजे सगळ्या मतांना सारखं वजन देत नाही. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवरची टक्केवारी तर किती टक्के समीक्षकांना चित्रपट बरा वाटला हे सांगते, किती बरा वाटला ते सांगत नाही. तुम्ही चार ते सात तारे देणाऱ्यांनी लिहिलेलं वाचा. त्यांनी चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला असतो, त्यांना काहीतरी आवडलेलं असतं आणि काहीतरी सलतही असतं. नेमकं मिनिट, नेमकं पात्र त्यांच्याच लिहिण्यात येतं.

७५व्या मिनिटाचे कागद हाती आले की इथे लिहा. किती जणांनी छायाचित्रकाराचं नाव लिहिलं आणि ‘काय बघून’ या रकान्यात काय आलं, एवढं कळलं की खुनी चाळिसाव्या मिनिटाला उघड करायचा की नाही ते ठरवता येईल. त्याआधी ते ठरवू नका.